माझ्या लेकीची काकू

मला झाला तो साधा टीबी नव्हता. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा होता, आणि तो जायला जवळजवळ दोन वर्षं लागली. आता मी बरी आहे. गोळ्या कशा घ्यायच्या, उलटी झाली तर काय करायचं, हे सांगायला डॉक्टर आहेत, गावोगावी आशाताई आहेत. ते त्यांच्याकडून ऐका आणि गोळी चुकवू नका. मी लिहितेय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. आजारपणात घरच्या माणसांनी जे केलं, ते आजार गेल्यावरही मनातून गेलं नाही, त्याबद्दल. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका तरुण सुनेला नुकताच हाच रोग निघाला. उपासनेनंतर तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "एस्तेरताई, तुम्ही त्या घरात कशा राह्यल्या?" उभ्या उभ्या मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे.

रिपोर्ट

माझं माहेर संग्रामपूरजवळच्या खेड्यात, सासर धामणगाव बढे. दोन्ही घरं ख्रिस्ती. आई माझ्या लग्नाआधीच गेली. बाबा भाजीपाला पिकवतात. नवरा दानिएल, त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. थोरले दीर टेम्पो चालवतात, आणि त्यांची बायको रूथताई. रूथताईंच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना मूल नव्हतं. माझी प्रीती झाली तेव्हा सगळ्यात आधी तिला त्यांनीच हातात घेतलं होतं.

बाळंतपणानंतर मला खोकला लागला. बाळंतिणीचा अशक्तपणा म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, मीसुद्धा. संध्याकाळी अंग तापायचं, उशी घामानं ओली व्हायची. मग तपासणी झाली, टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने झाले तरी फरक पडेना, तेव्हा बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं.

रिपोर्ट सांगणारी डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिनं समोरची खुर्ची ओढून मला बसायला लावलं आणि मगच तोंड उघडलं. औषधं लांबतील, रोज इंजेक्शन लागेल, पण बरं होता येतं, असं ती म्हणाली. मी एकच विचारलं. माझी पोरगी आठ महिन्यांची आहे, अंगावर पिते, तिचं काय? बाळाला तपासून घेऊ, काही दिवस वेगळं ठेवा, मग मास्क लावून, हवेशीर खोलीत तुम्ही घरी राहू शकता, असं तिनं सांगितलं. हे ती दानिएलकडे बघून बोलली. त्यांनी मान डोलावली. ती मान मी पुढं कितीतरी महिने आठवत बसले.

बाळ तपासलं, तिला काही नव्हतं. देवाचे आभार मी त्या दिवशी मोठ्यानं मानले, भरल्या बाकड्यावर बसून.

वॉर्ड

सुरुवातीला मला भरती करून घेतलं. वॉर्डात खिडक्या कायम उघड्या. सकाळी सिस्टर ट्रे घेऊन यायची आणि मूठभर गोळ्या पोटात जाईपर्यंत समोरून हलायची नाही. मग इंजेक्शन. दुपारपर्यंत पोटात ढवळत राहायचं. बाहेर झाडाखाली नातेवाईक डबे सोडून बसलेले दिसायचे. माझा डबा पहिले काही दिवस आला, मग दानिएल म्हणाले की दुकान बंद ठेवून रोज येणं जमत नाही.

सगळ्यात कठीण होतं दूध. वेळ झाली की छाती दगडासारखी व्हायची. मी मोरीत जाऊन ते पिळून टाकायची आणि वर पाणी ओतायची. शेजारच्या खाटेवर खैरून आपा होत्या, म्हाताऱ्या, स्वतःला धाप लागलेल्या. एकदा त्यांनी मला मोरीत रडताना पाहिलं. त्यांनी आपली जुनी ओढणी फाडली आणि माझी छाती घट्ट बांधून दिली. "सूख जाएगा बेटा," एवढंच म्हणाल्या. त्या वॉर्डातून घरी गेल्या नाहीत. त्यांच्यासाठी मी अजून प्रार्थना करते.

मोताळा

सुट्टी झाली त्या दिवशी दानिएल मोटरसायकल घेऊन आले. मी मास्क बांधला, वर पदर गुंडाळला आणि मागं बसले. वाऱ्यामुळे थंडी वाजत होती, पण मन घरी पोचलं होतं. प्रीती मला ओळखेल का, ती रडेल का, मी तिला माझं तोंड लांबून कसं दाखवायचं, हेच डोक्यात.

वाटेत मोताळ्याला त्यांनी गाडी एसटी स्टँडात घेतली. मला वाटलं, चहा प्यायला थांबलेत. बाकड्यावर माझे बाबा बसलेले होते. त्यांच्या पायाशी माझी लग्नातली पेटी होती.

दानिएल खाली बघत म्हणाले, "काही दिवस माहेरी राहा. आई नाही म्हनते घरात. लेकराचा सवाल आहे."

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी त्यांना सांगू लागले. त्यांनाही ते माहीत होतं, त्यांनीच तर मान डोलावली होती. मी म्हटलं, एकदा दारातून पाहू द्या तिला, मी आत येत नाही. ते म्हणाले, "रडन ते. नको." मग गाडी वळवली आणि धामणगावच्या रस्त्याला लागले. बाबांनी पेटी उचलली. त्यांनी सासरच्यांबद्दल एक वाईट शब्द काढला नाही, ना तेव्हा ना नंतर. एसटीत खिडकीची जागा त्यांनी मला दिली आणि स्वतः माझ्या शेजारी, मास्क न लावता बसले. मी कितीदा सांगितलं तरी सरकले नाहीत.

माहेरचे दिवस

रोज सकाळी उपकेंद्रात इंजेक्शन. उठता बसता दुखायचं. काही महिन्यांनी कानात रातकिड्यांसारखा आवाज सुरू झाला, आणि मग ऐकू येणं कमी होत गेलं. डावा कान जवळजवळ गेला. इंजेक्शन बदललं, पण गेलेलं परत आलं नाही. गोळ्यांनी कातडी काळवंडली. गल्लीतल्या बायका ओळखायच्या नाहीत.

बाबा पहाटे वांगी-मेथी तोडून बाजाराला पाठवायचे आणि मग येऊन माझ्यासाठी अंडी उकडायचे. त्यांना स्वयंपाक येत नव्हता. खिचडी कधी पातळ, कधी करपलेली. मी ती खाल्ली आणि जगले.

दानिएलचा फोन आधी रोज, मग रविवारी, मग कधीतरी. मला नीट ऐकू यायचं नाही, त्यांना मोठ्यानं बोलायची लाज वाटायची. रूथताई मात्र मोबाईलवर प्रीतीचे फोटो पाठवायच्या. एकदा त्यांनी व्हिडिओ पाठवला. प्रीती पहिल्यांदा चालत होती. अंगणात चार पावलं टाकून ती दोन्ही हात पुढं करून रूथताईंच्या मांडीवर पडली आणि "आई" म्हणाली. मी मोबाईल उजव्या कानाला लावून ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मला वाटत होतं मी चुकीचं ऐकतेय.

त्या दिवसापासून माझा राग आत्याबाईंवरून उठला आणि रूथताईंवर जाऊन बसला. आत्याबाईंनी मला घराबाहेर काढलं होतं. रूथताईंनी माझी जागा घेतली होती. रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मी इतरांबरोबर म्हणायची, पण 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर' ही ओळ आली की माझे ओठ मिटायचे. शेजारी उभे असलेले बाबा ते बघायचे.

एकदा चर्चचे पाळकसाहेब घरी आले. त्यांना माझी काळजी होती, यात शंका नाही. ते म्हणाले, मनात कटुता ठेवू नकोस, त्यांना क्षमा कर, तब्येतही लवकर सुधारेल. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की मी उठून आत गेले. क्षमासुद्धा त्या गोळ्यांबरोबर गिळायची होती, पाणी पिऊन, सगळ्यांसमोर. बाहेर बाबा शांतपणे बोलत होते.

"साहेब, देवानं तिले घाई नाही केली," ते म्हणाले. "आपून काऊन करा?"

परत

थुंकीचे रिपोर्ट चांगले येत गेले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की औषध संपलं, आता तुम्ही कुणाच्याही ताटात जेवा. बाबा मला घेऊन धामणगावला आले.

आत्याबाई ओट्यावर होत्या. त्यांनी बसायला सांगितलं. प्रीती आतून पळत आली, मला पाहिलं आणि रूथताईंच्या पदरामागे गेली. मी हात पुढं केले. ती रडायला लागली.

आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी आता रूथलेच माय समजते. तोडू नको व. तिले काय समजते, लेकरू हाय ते."

बाबा म्हणाले, चल, परत जाऊ. मी गेले नाही. जिथं माझी पोरगी आहे तिथं मी राहणार, मग ती मला काहीही म्हणो. दानिएलनी माझी पेटी आत नेली. तेव्हापासून मी त्याच घरात आहे. प्रीती दानिएलला पप्पा म्हणायची, रूथताईंना आई, आणि मला काकू.

थोड्या महिन्यांनी रूथताई माहेरी निघाल्या. मी हट्ट धरला की या वेळी प्रीती माझ्याजवळ राहील. कुणी नाही म्हणू शकलं नाही. माझीच होती ती. मी तिला आंघोळ घातली, नवा फ्रॉक घातला, गोड शिरा केला. तिनं एक घास घेतला नाही. दिवसभर ती दाराच्या उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. दवाखान्यात नेलं, औषध दिलं, ताप उतरला, पण ती बोलेना. नुसती बघत होती, आणि ते बघणं मला ओळखीचं होतं. वॉर्डाच्या खिडकीतून मी तशीच बघायची.

मी तिला घेऊन एसटीत बसले आणि रूथताईंच्या माहेरी गेले. दारात त्यांना पाहिल्यावर प्रीती माझ्या कडेवरून खाली उतरली. त्यांच्या मांडीवर जाऊन तिनं त्यांच्या मानेत तोंड खुपसलं आणि थोड्या वेळात झोपली. तिचे पाय त्यांच्या मांडीबाहेर लोंबत होते.

रूथताई माझ्या उजव्या बाजूला सरकून बसल्या, मला ऐकू यावं म्हणून. त्या म्हणाल्या, "तुही जागा घ्यायची म्हनून नाही उचललं व मी हिले. रडत होती, म्हनून उचललं. मंग ठेवताच नाही आलं."

मला म्हणायचं होतं की मी तुम्हाला माफ केलं. तोंडातून आलं नाही. त्यांनी चहा केला, मी प्यायले, आणि एकटी परत आले.

हे मंडळीत कळलं तेव्हा दोघी-तिघी बायका मला भेटायला आल्या. शास्त्रातली ती गोष्ट त्यांनी आठवण करून दिली, एका बाळासाठी राजापुढं भांडणाऱ्या दोन बायांची. राजा बाळाचे दोन तुकडे करा म्हणतो, तेव्हा खरी आई ते होऊ देत नाही, बाळ सोडून देते. तू तशी आहेस, असं त्या कौतुकानं म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, त्या गोष्टीत राजा बाळ आईला परत देतो. मी त्यांना टोचायला बोलले नव्हते. मला खरंच कुणीतरी त्याचं उत्तर द्यायला हवं होतं.

आत्याबाई

लोक विचारतात, समोरच्यानं माफीच मागितली नाही तर? आत्याबाईंनी मागितली नाही. पुढं काही वर्षांनी अर्धांगवायूनं त्या वर्षभर अंथरुणावर होत्या. त्यांना आंघोळ रूथताई घालायच्या. माझ्यानं ते झालं नाही, माझे हात पुढं जायचे नाहीत. मी त्यांचे कपडे धुवायची, चादरी वाळत घालायची. दुरून जेवढं होत होतं तेवढं केलं. चादरी पिळताना मी रोज तेच मागायची की देवा, मला या बाईबद्दल आज तरी काही वाटू दे. पुष्कळ दिवस काहीच वाटलं नाही.

एके सकाळी चादर बदलायला गेले तेव्हा त्यांनी वाकड्या तोंडानं काहीतरी म्हटलं. मला कळेना. मी खाली वाकून उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"तुह्या पोरीचे केस विंचरून दे," त्या म्हणाल्या. "शाळेची येळ झाली."

तुझ्या पोरीचे. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदा कुणी तसं म्हटलं होतं. मी त्यांच्या कपाळावरचे केस मागं सारले. हे माझ्या हातांनी आपोआप केलं, मी ठरवलं नव्हतं. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. त्यांना मातीला नेलं त्या दिवशी मी रडले, आणि प्रभूच्या प्रार्थनेतली ती ओळ त्यांच्यापुरती म्हटली.

दानिएलचं वेगळं आहे. त्यांनी एकदाच, दुकान बंद करून आल्यावर, चप्पल काढता काढता म्हटलं होतं, "मी भेलो होतो, एस्तेर. आईले भेलो, रोगाले भेलो." मी त्यांना जेवायला वाढलं. आम्ही एका घरात राहतो, एकमेकांची काळजी घेतो. पण मोताळ्याच्या स्टँडावरून एसटी गेली की मी अजून दुसरीकडे बघते. त्यांना पूर्ण माफ केलं असं मी इथं लिहिलं तर ते खोटं होईल. रोज थोडं थोडं चाललं आहे. काही दिवशी जमतं, काही दिवशी पुन्हा मागं जातं. तुमचंही असंच होत असेल तर घाबरू नका. देवाला ते आधीच ठाऊक असतं.

प्रश्न

प्रीती आता मोठी झाली आहे. गेल्या हिवाळ्यात शाळेत तिला एका मैत्रिणीनं विचारलं, तुझ्या पप्पांची बायको तुझी काकू कशी? ती घरी आली ती तडक रूथताईंकडे गेली. रूथताई बाहेर मला विचारायला आल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"ते विचारून राह्यली," त्या म्हणाल्या. "मी सांगू, का तू सांगतं?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगा. तुमच्यावर विश्वास आहे तिचा."

त्या आत गेल्या. मी ओट्यावर मेथी निवडत बसले. भाजी संपली तरी मी काड्या निवडत होते. मग प्रीती बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. रडलेली होती.

"तुम्ही मले काऊन सोडलं?" तिनं विचारलं.

ती मला 'तुम्ही' म्हणाली. माझ्याजवळ उत्तर तयार होतं, कितीतरी वर्षांपासून. मी नाही सोडलं. मला स्टँडावर उतरवलं. दारातूनसुद्धा तुला पाहू दिलं नाही. यातला शब्दन् शब्द खरा होता. आत दानिएल चहा पीत होते, बशीचा आवाज थांबला होता. दाराच्या आड रूथताईंच्या साडीचा काठ दिसत होता. मी ते बोलले असते तर तिचे पप्पा, तिची मेलेली आजी, तिची आई, सगळे एका दमात तिच्या हातून गेले असते. तसं एका दमात सगळं जाणं काय असतं, हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "मी लय आजारी होती, बेटा. माह्याजवळ राहून तुले झालं असतं. म्हनून तुले रूथताईजवळ ठेवलं."

"कोनं ठेवलं?"

मी हातातली काडी खाली ठेवली.

"आम्ही सगळ्यायनं," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला पटलं की नाही, मला माहीत नाही. ती मोठी होईल तेव्हा पुन्हा विचारेल, आणि तेव्हा मी तिला खरं सांगेन. पण त्या दिवशी ते दोन शब्द बोलताना माझ्या आत काहीतरी सैल झालं. ज्यांनी मला बाहेर ठेवलं होतं, त्यांच्यात मी स्वतः जाऊन उभी राहिले होते.

"मंग आता मी तुम्हाले आई म्हनू का?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारता तिची नजर दाराकडे गेली, त्या काठाकडे.

मी म्हटलं, "तोंडात येईन ते म्हन."

तिनं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "काकू, मले भूक लागली."

मी उठून आत गेले. रूथताईंनी ताट घेतलं होतं, भाकर मोडून ठेवली होती. मला पाहून त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि बाजूला झाल्या.